गोल फिरणारं चक्र आणि १६ मीटर केबल

पुण्यात कोथरूडला माझी आत्या राहते. गेल्या गणपतीत तिच्याकडे जेवायला गेले होते. पानं उचलून झाली आणि काका म्हणाले, "जरा आमच्या टीव्हीकडे बघतेस का गं? वर्षभर छळतोय." बेडरूममधल्या टीव्हीवर सिनेमा लावला की थोडा वेळ छान चालायचा, मग चित्र धूसर व्हायचं, माणसांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांचे दिसायला लागायचे आणि शेवटी मधोमध ते गोल चक्र फिरत बसायचं. इंटरनेटवाल्यांना फोन केला की एकच सल्ला मिळायचा, प्लॅन वाढवा. त्यांनी १०० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला येणारे मेगाबिट, इंटरनेटचा वेग) १५० केला, मग १५० चा ३००. चक्र फिरायचं थांबलं नाही.

मी मोबाइल घेऊन आधी दाराशी गेले. बऱ्याच फ्लॅटमध्ये असतो तसा त्यांचाही इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, दाराशीच, चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणात होता, कारण लिफ्टशेजारच्या डक्टमधून फायबर तिथेच आत येते. डब्याजवळ स्पीड मोजला तर २८० च्या पुढे. म्हणजे पैसे भरले होते तेवढं इंटरनेट घरात पोचत होतं. मग बेडरूममध्ये टीव्हीला टेकून उभी राहिले आणि तीनदा मोजला. आधी ११, मग ४, मग १९. दारापासून टीव्हीपर्यंतच्या त्या १४-१५ पावलांत सगळं हरवत होतं.

लेख लिहायला बसले ते यासाठीच. 'इंटरनेट' आणि 'वायफाय' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि त्यामुळे चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो. इंटरनेट म्हणजे डब्यापर्यंत येतं ते. डब्यापासून टीव्हीपर्यंत कसं न्यायचं, हवेतून की तारेतून, हा आपल्या घरातला प्रश्न आहे. तो प्लॅन वाढवून सुटत नाही.

मुळात लागतं किती ते पाहू. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस पुरेत आणि त्याहून सुस्पष्ट अशा ४के साठी १५. म्हणजे १०० च्या प्लॅनवर घरातल्या चार खोल्यांत चार जणांनी एकाच वेळी ४के सिनेमे लावले तरी निभावतं. मोठ्या आकड्याला इथे फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते हे १५ न तुटता, सलग मिळण्याला. सरासरी ४० मिळतायत पण मध्येच अर्धा मिनिट काहीच नाही, यापेक्षा अखंड २० कितीतरी चांगले.

याचं कारण समजायला सोसायटीची गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, पण आपला नळ दिवसभर चालतो, कारण मध्ये टाकी आहे. ओटीटीचं ॲप हेच करतं. सिनेमा काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि तुम्ही एक तुकडा बघत असताना ॲप पुढचे तुकडे आणून साठवत असतं. हाच बफर. पाणी येणं कमी झालं की ॲप आधी काटकसर करतं, म्हणजे त्याच प्रसंगाचे कमी दर्जाचे, हलके तुकडे मागवतं. चेहरे धूसर होतात ते तेव्हा. तरीही भागलं नाही आणि टाकी रिकामी झाली की चक्र फिरायला लागतं. लाइव्ह क्रिकेटमध्ये हे जास्त होतं, कारण जो चेंडू अजून टाकलाच नाही तो साठवणार कुठून? तिथे टाकी छोटीच असते, त्यामुळे पुरवठ्यातला छोटा खंडही लगेच दिसतो. व्हिडिओ कॉलला तर टाकी जवळजवळ नसतेच.

आता हवेत काय बिघडतं ते बघू. दोन गोष्टी बिघडतात आणि दुसरी सहसा कोणी सांगत नाही.

पहिली म्हणजे भिंती. वायफायच्या लहरी विटांच्या साध्या भिंतीतून बऱ्यापैकी जातात, काँक्रीट आणि लोखंडापुढे मात्र हात टेकतात. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या हात-हात रुंद भिंती त्यांना अडवतात हे पटकन लक्षात येतं. पण बाणेर-वाकड-हिंजवडीकडच्या नव्या टॉवरमध्येही तोच त्रास असतो हे लोकांना नवल वाटतं. यातल्या बऱ्याच इमारती मिवान पद्धतीच्या आहेत. ॲल्युमिनियमच्या साच्यात खोल्यांच्या भिंतीसुद्धा काँक्रीटने ओतलेल्या आणि आत सळयांची जाळी. राहायला भक्कम, लहरींना मात्र पिंजरा. त्यात स्टीलचं कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांपैकी काही वाटेत आलं की उरलंसुरलंही जातं.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. मोबाइलवरच्या फुकटच्या ॲपमध्ये हा आकडा दिसतो आणि तो नेहमी उणे असतो. आत्याकडे डब्याजवळ उणे ४९ होता, टीव्हीजवळ उणे ७९. नुसतं ऐकून ३० चा फरक मोठा वाटत नाही. पण या मोजमापात दर ३ ला ताकद निम्मी होते आणि दर १० ला दहावा हिस्सा उरतो. ३० म्हणजे हजारावा हिस्सा. सिनेमा नीट बघायचा तर साधारण उणे ६७ च्या आत राहावं असं धरून चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा सगळ्यांची एकच आहे. सोसायटीची वार्षिक सभा आठवा. हॉल एक, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वायफाय असंच चालतं. प्रत्येक यंत्र बोलायच्या आधी कानोसा घेतं, कोणी बोलत असेल तर थांबतं. आणि या हॉलमध्ये फक्त तुमचं कुटुंब बसलेलं नसतं. वरचे, खालचे, शेजारचे, ज्यांचं वायफाय त्याच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या त्याच पट्टीवर आहे ते सगळे त्याच हॉलमध्ये असतात. आत्याच्या बेडरूममध्ये उभं राहून मला २७ नेटवर्कं दिसत होती.

या सभेत दूरचा टीव्ही म्हणजे अत्यंत सावकाश बोलणारा सभासद. राउटरजवळचा मोबाइल जो मजकूर ४०० च्या वेगाने क्षणात सांगून बसतो, तोच मजकूर सांगायला २० च्या वेगाने बोलणारा टीव्ही वीसपट वेळ घेतो. हिशोब करून बघा. टीव्हीला हवेत १५ आणि त्याला हवेतून मिळू शकतात जास्तीत जास्त २०. म्हणजे दर मिनिटातली ४५ सेकंद घरातली हवा एकटा टीव्ही अडवून बसतो. उरलेल्या १५ सेकंदांत घरातले सगळे मोबाइल, लॅपटॉप आणि शेजारी. म्हणून टीव्ही लावला की स्वयंपाकघरात आत्याचा व्हिडिओ कॉल अडकायचा. दोन वेगळी दुखणी वाटत होती, मूळ एकच होतं.

खोडदची रेडिओ दुर्बीण, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, पाहिली असेल तर गोंगाट म्हणजे काय ते चटकन कळेल. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. जागा निवडताना ज्या गोष्टी पाहिल्या, त्यांतली एक म्हणजे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता. दुरून आलेला क्षीण आवाज ऐकायचा तर भोवताली शांतता लागते. आपल्या बेडरूममधल्या टीव्हीची अडचण त्याच जातीची आहे, फक्त आपण खोडदला राहायला जाऊ शकत नाही.

वायफाय मुख्यतः लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातही २.४ चा पट्टा सर्वांत गजबजलेला. त्यावर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथ तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच लहरींवर चालतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे, भारतात २०१८ साली त्यातला बराच भाग विनापरवाना वापरासाठी मोकळा झाला. पण ५ च्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. म्हणजे भिंत ओलांडायची तर २.४ हवा आणि शांतता हवी तर ५. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर निःशंकपणे ५ वापरा आणि हा लेख इथेच मिटून सिनेमा बघा. खरंच, तुम्हाला वायरीची गरज नाही.

बाकीच्यांसाठी वायर.

तारेतून बोलताना रांग नसते. येणं आणि जाणं एकाच वेळी चालतं, आणि त्या रस्त्यावर शेजाऱ्याचा हक्क नाही. भिंत, फ्रिज, पाऊस, कशाचाही परिणाम नाही. या तारेच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात, आणि मला तिचा जन्म फार आवडतो. १९७३ साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ती कल्पना मांडली, आणि त्यांना ती सुचली हवाई बेटांवरच्या अलोहानेट या रेडिओवर चालणाऱ्या नेटवर्कवरून. नावातलं 'ईथर' सुद्धा पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या प्रवासासाठी कल्पिलेल्या माध्यमाचं. तार आणि हवा यांचं भांडण नाही, नातं आहे.

केबल कोणती घ्यायची याचा फार घोळ घालतात. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस नेते. नवी घेताय तर कॅट ६ घ्या. दुकानात कॅट ७, कॅट ८ सुचवतील, घरात त्यांचा काही उपयोग नाही. त्याऐवजी एकच गोष्ट तपासा, आतली तार शुद्ध तांब्याची आहे का. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. तापकीर गल्लीत किंवा कुठेही घ्या, टोकाची एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत द्या. ती वाकवताना तुटते आणि काही महिन्यांनी सांध्यात त्रास द्यायला लागते.

केबलच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळात, चार जोड्या. टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा जॅक बसवतात, त्याला क्रिम्पिंग म्हणतात. रंगांचा क्रम ठरलेला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याच्या दोन तारांमध्ये निळ्याची जोडी घुसलेली आहे हे पाहिलंत? नवशिक्या वायरमनचा घोटाळा तिथेच होतो. तो चारही जोड्या ओळीने लावून मोकळा होतो, मग जॅक बसतो पण जोडणी धड चालत नाही.

आणखी एक बारकावा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, १००० ला आठही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार जॅकमध्ये नीट पोचली नाही तर केबल बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. दिवा लागतो, नेट चालतं, वायरमन पैसे घेऊन जातो. तो जायच्या आधी लॅपटॉप त्या केबलला लावा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतो का ते बघा. लॅपटॉपचा आणि डब्याचा पोर्ट गिगाबिटचा असूनही १०० दिसला तर जॅक कापून पुन्हा मारायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

इथे प्रामाणिकपणे एक अडचण सांगायला हवी. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट, म्हणजे ही केबल खोचायची जागा, स्वतःच १०० एमबीपीएसचा असतो, महागड्यांचासुद्धा. ओटीटीला १५ लागतात, तेव्हा १०० भरपूर झाले. पण तुमच्याकडे घरातल्या हार्ड डिस्कवर किंवा छोट्या सर्व्हरवर स्वतःचा सिनेमांचा साठा असेल आणि तो ४के ब्लू-रे डिस्कच्या मूळ दर्जाचा असेल, तर गणित बदलतं. अशा ब्लू-रे सिनेमाचा वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जाऊ शकतो. मग टीव्हीची वायरच कमी पडते आणि त्याच खोलीत राउटर असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरीला मागे टाकतं. अशा वेळी गिगाबिट पोर्टचा वेगळा स्ट्रीमिंग बॉक्स घ्या, केबल त्याला लावा, टीव्हीला नुसतं चित्र दाखवू दे.

वायर टाकणं शक्यच नाही असं पुष्कळ घरांत असतं. भाड्याचं घर, मालक भिंतीला हात लावू देत नाही. मग आधी फुकटचे उपाय. डबा चपलांच्या कपाटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा, शक्य तितका घराच्या मध्याकडे आणा. टीव्हीच्या पाठीमागे खोचलेली स्ट्रीमिंग स्टिक असेल तर तिच्यासोबत आलेली छोटी एचडीएमआय वायर वापरून तिला टीव्हीच्या पत्र्याआडून बाहेर काढा. एवढ्यानेही पुष्कळदा भागतं.

रिपीटर घ्यायच्या आधी मात्र दोनदा विचार करा. रिपीटर सभेतला निरोप्या आहे. ऐकलेलं प्रत्येक वाक्य तो पुन्हा बोलतो, त्याच हॉलमध्ये. सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि वेग जेमतेम निम्मा उरतो. मेशचे डबे, म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, याहून शहाणे असतात, विशेषतः आपसात बोलायला वेगळा पट्टा राखून ठेवणारे, पण तेही भिंतीपलीकडे चांगले बोलतात ते मध्ये केबल असेल तेव्हाच. विजेच्या तारांतून नेट नेणारे ॲडॉप्टरही मिळतात. आपल्याकडे मोठ्या फ्लॅटला थ्री फेज जोडणी असते, हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्यावर असली की त्यांचं बोलणं बिघडतं. परत घेणारा दुकानदार असेल तरच आणा.

म्हणून माझं मत असं, की घरात एकच केबल टाकणार असाल तर ती दाराजवळच्या डब्यापासून घराच्या आतल्या भागापर्यंत टाका. तिच्या टोकाला छोटा स्विच, म्हणजे एका केबलच्या अनेक फांद्या करणारा डबा, स्विचवरून टीव्हीला एक तुकडा आणि दुसरा तुकडा ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे तिथूनही वायफाय निघेल. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला हवेत ठेवायचं कारण नाही. जे हातात घेऊन घरभर फिरतं त्याला हवा मोकळी करून द्यायची.

आत्याकडे मोजून १६ मीटर केबल लागली. पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवरून नेली आणि बेडरूमच्या दाराच्या वर भिंतीत एक भोक पाडावं लागलं. आत्याला भोकाची फार काळजी होती. "नुकताच रंग काढलाय गं," असं ती तीनदा म्हणाली. भोकावर पांढरी टोपी बसवली, आता तिला दाखवावं लागतं कुठे आहे ते. त्या रात्री काकांनी सिनेमा अखंड पाहिला. मला मात्र दुसऱ्या दिवशीचा आत्याचा फोन जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरातून केलेला व्हिडिओ कॉल, टीव्ही चालू असताना, एकदाही न अडकता. तिच्या मोबाइलला आपण हातही लावला नव्हता. पुढच्या महिन्यात काकांनी प्लॅन परत १०० वर आणला.

दोन काळज्या घ्याच. ही केबल विजेच्या २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपमधून ओढू देऊ नका, वायरमनला ते सोपं पडतं म्हणून तो सुचवेल. इन्सुलेशन सोललं गेलं तर मेनची वीज तुमच्या टीव्हीच्या पोर्टात येते. आणि तांब्याची केबल गच्चीवरून किंवा एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेऊ नका. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजा आपल्याला ठाऊक आहेत. जवळपास वीज पडली तरी अशा लांब तारेत दाब चढतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. बाहेरून न्यायचंच असेल तर फायबर, काचेतून वीज वाहत नाही.

नव्या घराचा ताबा घेणार असाल किंवा फरशी बदलायला काढली असेल, तर याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही. दाराजवळच्या डब्याच्या जागेपासून प्रत्येक टीव्हीच्या जागेपर्यंत आणि पॅसेजच्या छतापर्यंत २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप टाकून घ्या, काटकोनी एल्बो न लावता सावकाश वळणाचा बेंड लावून. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून तिची दोन्ही टोकं बाहेर बांधून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी दुसरी केबल लागली तर तिला दोरी बांधून ओढता येईल. डब्याशेजारी विजेचा एक पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या. आणि प्लॅस्टर चढायच्या आधी मोजायचा टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पाइप नक्की कुठून गेलाय हे नंतर भिंतीत खिळा ठोकताना कोणालाच आठवत नाही.